एक कडबाकुट्टी आणि पाच शॉप : आयटीआयमधल्या एकत्र कामाच्या नोंदी

३ सप्टेंबर २०२४

आमच्या आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक मोटार व्हेइकल, कोपा (संगणक चालवणं आणि प्रोग्रॅमिंग) आणि शिवणकाम असे ट्रेड एकाच आवारात चालतात. निदेशक सकाळी एकाच मस्टरवर सही करतात आणि आपापल्या शॉपमध्ये, म्हणजे ट्रेडच्या कार्यशाळेत जातात. त्यानंतर गाठ पडते ती चहाला. गटनिदेशक म्हणून यंदा प्राचार्यांनी माझ्याकडे एक काम दिलंय : वेगवेगळ्या ट्रेडच्या निदेशकांनी मिळून शिकवावं, अशी घडी बसवायची. त्याच्या नोंदी ठेवतोय. दुसऱ्या आयटीआयमधल्या कुणाला त्यातलं काही उचलता आलं तर चांगलंच.

सुरुवात सगळ्या ट्रेडचे अभ्यासक्रम एका टेबलावर शेजारी-शेजारी मांडून केली. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाला १२०० तास आहेत. पहिल्या वर्षी त्यातले ८४० प्रात्यक्षिकाला, २४० थिअरीला आणि १२० एम्प्लॉयबिलिटी स्किल्सला. पानं उलटत गेलो तसं दिसत गेलं की आपण जे तुकडे वेगळे समजतो, ते कागदावर आधीच एकमेकांत गुंतलेत. फिटरच्या पहिल्या वर्षात पत्राकाम आहे, वेल्डिंगही आहे. इलेक्ट्रिशियनची मुलं सुरुवातीला मार्किंग, हॅक्सॉ, फायलिंग (कानशीने घासणं), ड्रिलिंग करतात. वेल्डरलाही हॅक्सॉ आणि काटकोनात फायलिंग आहे. मोटार मेकॅनिकला तर थोडं थोडं सगळंच.

म्हणजे इलेक्ट्रिशियनचा मुलगा फाईल धरायला शिकतो, तेव्हा ज्यांचा हात फायलीवर बसून वीस वर्षं झाली ते फिटरचे सर भिंतीपलीकडेच असतात. आणि फिटरची पोरं पहिला आर्क मारतात तेव्हा वेल्डरचे सर शेजारच्या शेडमध्ये. सुरक्षा, प्रथमोपचार, अग्निशामक हे धडे तर प्रत्येक शॉपमध्ये पहिल्या आठवड्यांत स्वतंत्रपणे होतात. व्हरांड्यातला तोच लाल सिलिंडर एका शॉपमधून दुसऱ्यात फिरतो.

११ सप्टेंबर २०२४

गणपतीच्या दिवसांत हजेरी कमी असते. त्याचा फायदा घेऊन पहिल्या वर्षाच्या सगळ्या बॅच पोर्चमध्ये एकत्र बसवल्या आणि सुरक्षेचा धडा वाटून घेतला. शॉक बसलेल्याला आधी सप्लाय बंद करूनच हात लावायचा, हे इलेक्ट्रिशियनच्या सरांनी सांगितलं. गॅस सिलिंडर उभाच ठेवायचा, साखळीने बांधायचा, ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लागू द्यायचं नाही, हे वेल्डरच्या सरांनी. शिवणकामाच्या मॅडमनी सुई बोटात घुसली तर काय करायचं ते दाखवलं. फिटरच्या मुलांनी ते पहिल्यांदाच ऐकलं.

चांगलं झालं. तरीही एवढ्याने घडी बसणार नाही, हे मला दिसतंय. कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलतात आणि निदेशक आपापल्या शॉपमध्ये परततात. एकाचं काम दुसऱ्याच्या कामावाचून अडलं पाहिजे. तेव्हाच लोक खरं बोलतात.

१९ सप्टेंबर २०२४

परवा विश्वकर्मा जयंती आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली. आज सगळे निदेशक निवांत भेटले. बैठक कार्यालयात न घेता मुद्दाम वेल्डिंग शेडमध्ये घेतली.

माझ्यासमोर पाबळचं उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातल्या त्या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे चारही विभाग एकाच विद्यार्थ्याला करावे लागतात, आणि शिकायचं ते गावाला खरोखर हवी असलेली कामं करत. आयटीआयची रचना वेगळी आहे. इथे एका ट्रेडमध्ये खोल उतरायचं असतं, परीक्षाही ट्रेडची असते. पण बाहेरच्या गरजू माणसाचं काम हातात घेतलं की विभागांच्या भिंती आपोआप ठेंगण्या होतात, ही गोष्ट तिथून घेण्यासारखी वाटते.

काम मिळालंय. जवळच्या दूध संस्थेकडे एक जुनी हाताने फिरवायची कडबाकुट्टी, म्हणजे वैरण बारीक कापायचं यंत्र, पडून आहे. तिला मोटर बसवून हवीय. यंत्राला कव्हर नावाला नाही. वैरण ओढून घेणारे रोलर उघडे, पात्यांचं चाक उघडं. अशा यंत्रात हात गेलेला माणूस आमच्या भागात जवळपास प्रत्येक गावात भेटतो. मोटर बसवली की धोका वाढणार; म्हणून मोटर आणि गार्ड एकदमच बसवायचे, नाहीतर काम घ्यायचं नाही, असं सगळ्यांच्या मते ठरलं.

फ्रेम वेल्डरकडे, बेअरिंग-पुली-शाफ्ट फिटरकडे, मोटर आणि स्टार्टर इलेक्ट्रिशियनकडे, मालाचा हिशोब कोपाकडे. शिवणकामाच्या मॅडमनी विचारलं, "आम्ही काय करायचं, मोटरला झूल शिवायची?" सगळे हसले. मला मात्र तेव्हा उत्तर सुचलं नाही.

२७ सप्टेंबर २०२४

ड्रॉइंगवर बसलो. एकाच कागदावर सगळ्यांना काढायला लावलं, हे बरं केलं. वेल्डरचे सर मापं सेंटिमीटरमध्ये बोलतात, फिटरचे सर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, आणि दूध संस्थेचा माणूस सूत-इंचात. फ्रेमला एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे चालतात. बेअरिंगच्या बसण्याला ते चालत नाहीत. कुठलं माप किती काटेकोर हवं, हे ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहिलं. ही चर्चा दोन्ही ट्रेडच्या मुलांसमोर झाली. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) हा शब्द त्यांच्या वहीत आधीपासून होता. तो कशासाठी असतो, हे या वादात त्यांनी पाहिलं.

कोपाच्या मॅडमच्या मुलांनी कापणीची यादी स्प्रेडशीटवर घेतली. ४० × ४० × ५ मिलिमीटरचा अँगल, ६ मीटरची लांबी, मीटरला ३ किलो. कोणता तुकडा कोणत्या लांबीतून कापला तर शेवटी कमी उरतं, हे त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि एक अख्खी लांबी वाचवली. वेल्डरच्या सरांनी तो कागद शेडच्या भिंतीला चिकटवलाय. 'विद्यार्थ्यांची यादी' आणि 'गुणपत्रिका' याच तक्त्यांवर सराव करणाऱ्या मुलांना आपला तक्ता लोखंडावर खडूने उतरलेला दिसला.

४ ऑक्टोबर २०२४

भांडाराचा प्रश्न आला. अँगल वेल्डर ट्रेडच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) आलेला. त्यावर फिटरची मुलं ड्रिल मारणार, तर खर्च कुणाच्या रजिस्टरला? भांडारपालांचं म्हणणं चुकीचं नाही. ऑडिटला तेच उभे राहतात. प्राचार्यांच्या सहीने 'संयुक्त जॉब' असं एक साधं पत्रक काढलं : जॉब क्रमांक, सहभागी ट्रेड, कोणाचा माल किती. सगळ्या निदेशकांच्या सह्या. एका पानाचं काम होतं. ते पान नसल्यामुळे अशी किती कामं आधीच्या वर्षांत तोंडीच विरली असतील.

१४ ऑक्टोबर २०२४

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. लेथ, ड्रिल, ट्रान्सफॉर्मर, शिवणयंत्रं, सगळ्यांना झेंडूच्या माळा. दसऱ्यानंतर आज काम जोरात सुरू झालं आणि पहिला खरा वादही.

फिटरच्या सरांना बेअरिंगची भोकं वेल्डिंगच्या आधी पाडायची होती. सुटा अँगल पिलर ड्रिलच्या टेबलावर सपाट बसतो. जोडलेली फ्रेम तिथे मावत नाही. वेल्डरचे सर म्हणाले, "आधी भोकं पाडाल तर नंतर मला दोष देऊ नका. वेल्ड थंड होताना लोखंड ओढतं." दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांच्याही मागे आपापली बॅच उभी.

मी मध्ये पडलो नाही. फिटरच्या सरांनीच सुचवलं, करून बघू. भंगारातले दोन तुकडे घेतले. प्रत्येकात एक भोक पाडलं, तुकडे बट जॉइंटसाठी (कडेला कड) लावले, टॅक (धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारले. भोकांमधलं अंतर मुलांनी व्हर्नियर या बारीक मापाच्या साधनाने घेतलं आणि फळ्यावर लिहिलं. मग वेल्डरच्या एका मुलीने पूर्ण वेल्ड मारला. स्लॅग (वेल्डवरची खपली) झाडून, तुकडा थंड होईपर्यंत सगळे थांबले. गरम जॉबवर माप घ्यायचं नाही, हेही त्यातच शिकवून झालं. पुन्हा व्हर्नियर लावला : अंतर १.४ मिलिमीटरने कमी, आणि पट्टी एका बाजूला किंचित वर उचललेली.

फिटरची मुलं तुकडा हातात फिरवून बघत होती. मग दोन्ही सरांनी मिळून मार्ग काढला. फ्रेम आधी पूर्ण वेल्ड करायची. टॅक मारून, समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून, दर टप्प्याला कर्ण मोजत. बेअरिंग थेट फ्रेमवर न बसवता वेगळ्या जाड प्लेटवर बसवायची, ती प्लेट ड्रिल टेबलावर नीट पाडायची आणि फ्रेमला लांबट भोकांतून बोल्टने धरायची. फ्रेममध्ये थोडा फरक राहिला तरी शाफ्ट सरळ करता येतो.

या तासाचा लेसन प्लॅन कुठल्याच ट्रेडच्या फाइलमध्ये नव्हता. दोन्ही निदेशकांना सांगितलं, आजच लिहून ठेवा आणि त्यावर दोघांची नावं घाला. तयारी, सादरीकरण, सराव, चाचणी या नेहमीच्या चार पायऱ्यांत तो छान बसतो.

२३ ऑक्टोबर २०२४

आजची नोंद मला सगळ्यात जवळची आहे.

पात्यांच्या चाकावर पत्र्याचं कव्हर करायचं होतं. पुढचा भाग गोल, वर रोलरकडे निमुळता होत जाणारा. फिटरच्या मुलांनी पत्रा कापला, वाकवला, कडा जुळेनात. दुसरा कापला, पुन्हा तेच. शिवणकामाच्या मॅडम मुलींना घेऊन जॉब बघायला आल्या होत्या. त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि विचारलं, "आधी कागदावर का नाही बेतत?"

खाकी कागद मागवला. मॅडमनी तो चाकावर लपेटला, जिथे फुगत होता तिथे चुण्या घालून टाचण्या लावल्या, चुण्यांच्या रेघा पेन्सिलीने आखल्या आणि कागद उलगडून टेबलावर सपाट पसरला. बाहीचा घेर खांद्याला बसवताना करतात तेच. जोडाच्या कडेला त्यांनी बोटभर जागा जास्त ठेवली, कारण कापडाला शिलाईची जागा लागते. फिटरचे सर लगेच म्हणाले, पत्र्याला दुमडीची जागा लागते, आणि ती पत्र्याची जाडी आणि वाकाचा गोलवा बघून काढावी लागते. कापडात हा प्रश्न येत नाही. दोघांनी मिळून मुलांना फरक समजावला : शिलाईची जागा ही फक्त जोडासाठी, पत्रा मात्र वाकताना बाहेरून ताणतो, आतून दबतो, म्हणून लांबी मोजायची ती मधल्या थराजवळ.

तिसरा पत्रा कागदाच्या साच्यावरून कापला. तो बसला.

पत्राकामातला 'डेव्हलपमेंट', म्हणजे गोल आकार सपाट उलगडून काढणं, हा भाग ड्रॉइंगच्या वर्गात नेहमी रुक्ष होतो. शंकू आणि नळकांडी उलगडायची, समांतर रेघा मारायच्या. शिवणकामाच्या मुली हेच रोज हाताने करत असतात. आजवर त्यांना कुणी फिटर शॉपमध्ये बोलावलं नव्हतं, आणि फिटरची मुलं त्यांच्या वर्गाच्या पायरीपर्यंतही गेली नव्हती. मॅडमचा पहिल्या बैठकीतला प्रश्न मी विसरलो नव्हतो. त्याचं उत्तर त्यांनीच शोधलं. दिवाळीनंतर ड्रॉइंगच्या त्या भागाचा एक तास त्या घेणार आहेत, आणि फिटरचे सर त्यांच्या मुलींना मशीनचं तेलपाणी, हाताच्या चाकाचं अलाइनमेंट आणि साधी दुरुस्ती शिकवणार आहेत. शिवणयंत्र अडलं की बाहेरच्या माणसाची वाट बघायची, ही त्या वर्गाची जुनी अडचण आहे.

१२ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली. विधानसभेची निवडणूक २० तारखेला. बरेच निदेशक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला, काम थंड. एवढ्यात एकच गोष्ट केली : वेळापत्रक पुन्हा मांडलं. प्रत्येक ट्रेडची प्रात्यक्षिकं वेगळ्या वेळी असतील तर दोन बॅच एकत्र येणार कशा? दर बुधवारी दुपारचे दोन तास सगळ्या ट्रेडला एकाच वेळी प्रात्यक्षिकाचे ठेवले. कागदावर ही चौकट हलवायला फार वेळ लागला नाही. पण ती न हलवता कितीही चांगलं बोललं असतं तरी काम दोन उत्साही माणसांच्या खासगी वेळेवर टेकून राहिलं असतं.

२७ नोव्हेंबर २०२४

मोटर बसली. २ एचपी, सिंगल फेज, १४४० आरपीएम. पुलीचं गणित फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांना जोडीने दिलं. यंत्राची पुली १२ इंची. मोटरवर ३ इंची बसवली तर चाक मिनिटाला ३६० फेरे. ४ इंची बसवली तर ४८०. चाकाला दोन पाती, म्हणजे ३६० फेऱ्यांना मिनिटाला ७२० घाव. वेग वाढला की पात्यांवर आणि जुन्या बिडाच्या चाकावर ताण वाढतो, म्हणून ३ इंची ठरली. कार्यशाळा गणिताच्या पुस्तकातलं हेच उदाहरण मुलं परीक्षेसाठी पाठ करतात. आज त्याच उत्तराने पुली विकत आणायची होती, तेव्हा तीनदा पडताळलं.

फिरवून पाहिलं तर चाक उलटं. उलट्या दिशेला पात्याची धार चालत नाही आणि रोलर वैरण बाहेर ढकलतात. फिटरच्या मुलांना वाटलं, आता मोटर काढून दुसऱ्या बाजूला बसवायची. इलेक्ट्रिशियनच्या एका मुलाने टर्मिनल बॉक्स उघडून स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली. थ्री फेज असती तर कुठलेही दोन फेज बदलले असते, हे त्याने न विचारता सांगितलं.

स्टार्टरबद्दल, म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या पेटीबद्दल, इलेक्ट्रिशियनचे सर ठाम राहिले. दूध संस्थेला स्वस्तात साधा स्विच हवा होता. सरांनी त्यांच्या माणसाला उभं करून दाखवलं : यंत्र चालू असताना मेन बंद केला, पुन्हा चालू केला. साध्या स्विचवर यंत्र आपोआप फिरू लागलं. डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) स्टार्टर लावल्यावर, वीज गेली की सुटणाऱ्या नो-व्होल्ट कॉइलमुळे ते बंदच राहिलं. हिरवं बटण दाबल्याशिवाय सुरू झालं नाही. लाइट गेली म्हणून कुणी अडकलेली वैरण काढायला हात घातला आणि तेवढ्यात लाइट आली, तर काय, एवढंच सरांनी विचारलं. माणसाने स्टार्टरचे पैसे लगेच कबूल केले.

११ डिसेंबर २०२४

गुणांचा विषय. जॉब एक, ट्रेड अनेक; फॉर्मेटिव्ह असेसमेंट (शिकता शिकता होणारं मूल्यमापन) कोण करणार? निदेशकांना सगळ्यात जास्त काळजी याचीच होती, आणि ती रास्त आहे. मुलाच्या नोंदी त्याच्या ट्रेडच्या निष्पत्तीप्रमाणेच भराव्या लागतात. मार्ग असा काढला : प्रत्येक निदेशक आपल्या मुलांना आपल्या ट्रेडच्या निकषांवर ६०-७५, ७५-९० किंवा ९० च्या वर अशा नेहमीच्या पट्ट्यांत बसवेल, पण पुढच्या शॉपने शेरा दिल्याशिवाय नोंद पूर्ण होणार नाही. वेल्डरच्या मुलाच्या फ्रेमवर फिटरचे सर लिहितात : कर्ण जुळले, पण एका कोपऱ्यात स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) राहिल्याने प्लेट बसवताना घासावं लागलं. फिटरच्या मुलाच्या अलाइनमेंटवर इलेक्ट्रिशियनचे सर लिहितात : बेल्ट सरळ चालतो, मोटर गरम होत नाही.

हा शेरा मुलं गुणांपेक्षा जास्त वेळ वाचतात, असं माझ्या लक्षात आलंय. आपलं काम पुढे कुणाच्या तरी हातात जातं आणि तो माणूस त्यावर बोलतो, कारखान्यात हे रोज होतं. शिकताना ते होत नाही, कारण जॉब तपासला की भंगारात जातो.

२० डिसेंबर २०२४

चाचणी. मेगर या मीटरने इन्सुलेशन तपासलं, अर्थिंग मोजलं, बेल्टवर जाळीचं गार्ड, चाकावर कव्हर, वैरण टाकायचं तोंड लांब केलेलं आणि वरून झाकलेलं, म्हणजे हात रोलरपर्यंत पोचत नाही. ज्वारीचा कडबा घातला. सुरुवातीला तुकडे ओबडधोबड पडले. पात्याची आणि स्थिर पट्टीची फट फिटरच्या सरांनी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून कमी केली, मग बारीक, सारखी कुट्टी पडू लागली.

एम्प्लॉयबिलिटी स्किल्सच्या वर्गाने मोठ्या अक्षरांत वापराची पाटी केलीय : सैल बाही, ओढणी, उपरणं घालून यंत्रावर उभं राहू नये, अडकलं तर आधी लाल बटण, मग मेन बंद, मगच कव्हर. मसुदा मुलांनी दूध संस्थेत जाऊन तिथल्या बायकांना वाचून दाखवला. कुट्टी त्याच करतात. त्यांच्या सांगण्यावरून 'गार्ड काढून यंत्र चालवू नये' हे वाक्य सगळ्यात वर गेलं.

८ जानेवारी २०२५

यंत्र दूध संस्थेत चालू आहे. आज बुधवारच्या तासाला पुढचं ठरलं. मोटार मेकॅनिकच्या सरांचा या जॉबमध्ये हात नव्हता. त्यांना इंजिन बसवायचा फिरता स्टँड हवाय आणि ते स्वतःहून वेल्डरच्या सरांकडे ड्रॉइंग घेऊन आले. मला मध्ये घेतलं नाही, याचा मनापासून आनंद झाला.

इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाचं फायलिंग पुढच्या सत्रापासून फिटर शॉपमध्ये, फिटरची वेल्डिंगची ओळख वेल्डिंग शेडमध्ये. बदल्यात इलेक्ट्रिशियनचे सर दोन्ही शॉपच्या यंत्रांची वायरिंग मुलांकडून तपासून घेणार. तासांचा हिशोब दोन्ही डायऱ्यांत कसा लिहायचा, याचा नमुना मी करतोय. संयुक्त जॉबचं पत्रक, सामायिक लेसन प्लॅन आणि पुढच्या शॉपच्या शेऱ्याचा रकाना हे तीन कागद एका फाइलमध्ये लावलेत. फाइल भांडारात ठेवलीय, कारण माल घ्यायला प्रत्येक निदेशकाला तिथे यावंच लागतं.